बालवाडीचे मोजमाप

(अंगणवाडी सेविका व इयत्ता पहिलीचे शिक्षक यांच्या संयुक्त मेळाव्यातील व्याख्यान)



जून महिन्यात शाळा उघडते त्या दिवशी तालुक्याच्या एखाद्या लहान गावातील इयत्ता पहिलीच्या वर्गात जी मुले येऊन बसतात, ती वयाने बहुधा सारखी असली तरी पूर्वतयारीने सारखी नसतात. काही मुले आपल्या आळीतील अंगणवाडीतून आलेली असतात. काही प्राथमिक शाळेला जोडलेल्या बालवर्गातून वर चढलेली असतात. काहींनी बाजारपेठेतील खाजगी शिशुवर्गात दोन वर्षे काढलेली असतात. आणि काही अशीही असतात की ज्यांची सहा वर्षे आईबरोबर शेताच्या बांधावर, वीटभट्टीवर अथवा धाकट्या भावंडाची राखण करण्यात गेलेली असतात. शिक्षक फळ्यावर दोनचार अक्षरे काढतात आणि कोणाला लिहिता येते ते पाहतात. ज्यांना येते त्यांना हुशार समजले जाते. ज्यांना येत नाही त्यांच्याविषयी, ‘अंगणवाडीत होता ना, तिथे काय शिकवणार?’ असा शेरा सहज निघून जातो.

हा शेरा निघतो तेव्हा एका मुलाची पारख होते असे वाटते. वस्तुतः एका संस्थेचा निकाल लागलेला असतो. तो पालकांच्या कानी जातो. पुढच्या वर्षी ज्या घराला महिन्याची फी झेपते ते घर आपले धाकटे मूल खाजगी शिशुवर्गात घालते, आणि अंगणवाडीत तेच मूल उरते ज्याच्या आईबापांना दुसरा मार्ग नसतो. म्हणून अंगणवाडीचे किंवा बालवाडीचे यश कशावरून मोजावे, हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. गावातील सर्वांत दुबळ्या मुलाला शिक्षणाच्या वाटेवर पहिले पाऊल कोठे टाकता येईल, ते या प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून आहे.

प्रथम गावात कोणकोणत्या सोयी आहेत याचा विचार करू जाता, सर्वांत व्यापक सोय अंगणवाडीची दिसते. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली. आज महाराष्ट्रात सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत, आणि ग्रामीण प्रकल्पांचा कारभार जिल्हा परिषदांच्या महिला व बालकल्याण विभागाकडे आहे. पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, आजारी बालकाला दवाखान्याकडे धाडणे, मातांना आहार व आरोग्याचे शिक्षण, आणि तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अनौपचारिक पूर्वप्राथमिक शिक्षण अशा सहा सेवा एका सेविकेने व एका मदतनीसेने द्यावयाच्या असतात. दुसरी सोय म्हणजे काही शाळांनी चालविलेला बालवर्ग किंवा स्थानिक संस्थांची बालवाडी. ती सर्व गावी नाही. तिसरी सोय खाजगी शिशुवर्गांची. गणवेश, दप्तर, इंग्रजी बालगीते आणि रोजचा गृहपाठ ही त्यांची दर्शनी लक्षणे होत.

कायद्याकडे पाहिले तर २००२ सालच्या ८६व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४५ बदलला, आणि सहा वर्षे पूर्ण होईपर्यंत सर्व बालकांचे संगोपन व शिक्षण करण्यासाठी राज्याने प्रयत्नशील राहावे असे तत्त्व घातले. परंतु मुलाचा मूलभूत हक्क सहाव्या वर्षापासून सुरू होतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम ११ मध्ये तीन वर्षांवरील मुलांसाठी विनामूल्य पूर्वशालेय शिक्षणाची व्यवस्था शासनाला करता येईल, एवढेच म्हटले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ एकच ‘पायाभूत स्तर’ मानला. म्हणजे अंगणवाडीची तीन वर्षे आणि शाळेची पहिली दोन वर्षे ही एकाच इमारतीची जोती ठरली. कागदावर जुळलेला हा सांधा गावात मात्र अजून उघडाच आहे. कारण अंगणवाडी एका खात्याची, शाळा दुसऱ्या खात्याची, आणि दोहोंच्या मध्ये कित्येकदा नुसते कुंपण असले तरी ते ओलांडण्याची कोणास फारशी गरज भासत नाही.

सार्वजनिक बालशिक्षण म्हणजे गरिबांसाठी केलेली कमी प्रतीची तजवीज, अशी एक समजूत रूढ आहे. इतिहास तिच्या विरुद्ध साक्ष देतो. मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह १९०७ साली रोम शहरात उघडले ते सान लोरेन्झो या कामकरी लोकांच्या वस्तीत. पुढे तीच पद्धत श्रीमंतांच्या शाळांची ओळख होऊन बसली, हा भाग निराळा. महाराष्ट्रातही तेच घडण्याचा संभव होता. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी तो संभव वेळीच ओळखला. शहरातील बालमंदिरे सुस्थितीतल्या घरांपुरतीच राहतात आणि त्यांतील साधने खेड्याला परवडत नाहीत, हे पाहून १९४५ साली त्यांनी तेव्हाच्या ठाणे, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातील बोर्डी या समुद्रकाठच्या लहानशा गावी ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. अनुताई वाघ त्याच सुमारास त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे त्यांनी आपले सारे आयुष्य या कामाला दिले.

बोर्डीस बालवाडी उघडली, परंतु ज्यांच्यासाठी ती मुख्यतः होती त्या दलित वस्तीतील मुले येईनात. कोणी सांगेल, पालकांना शिक्षणाची आस्था नाही. ताराबाईंनी असा निष्कर्ष काढला नाही. मूल बालवाडीकडे येत नसेल तर बालवाडीने मुलाकडे जावे, असे त्यांनी ठरविले, आणि वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरू लागला. ‘अंगणवाडी’ हा शब्द शासकीय योजनेत येण्याच्या कितीतरी आधी या अंगणांत रुजला होता. महागड्या साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे, मातीचे मणी आणि बांबूचे तुकडे आले. पुढे केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले, तेव्हा वारली मुले गुरांमागे रानात असतात असे दिसले. म्हणून कुरणशाळा निघाली आणि शिक्षक कुरणात गेले. तेथील विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा ही एका आवारात, एका विचाराने चालविण्यात आली. थोरली बहीण शिकू शकली, याचे कारण तिच्या काखेतले भावंड पाळणाघरात निजलेले होते. पायाभूत स्तराचा जो सांधा आज धोरणात लिहिला आहे, तो कोसबाडला कित्येक दशकांपूर्वी जुळलेला होता.

या इतिहासातून घेण्याजोगा बोध हा की, सार्वजनिक बालवाडीचे पहिले मोजमाप तिच्यापर्यंत कोणती मुले पोहोचली, हे आहे. ज्या शिशुवर्गात फी भरणाऱ्याच घरांची मुले आहेत त्याची, आणि आळीतले शेवटचे मूल उचलून आणणाऱ्या अंगणवाडीची तुलना फळ्यावरील चार अक्षरांनी करणे न्यायाचे होत नाही. दोन वर्गांत येणारी मुलेच जेथे भिन्न, तेथे फळातील अंतर किती शिकविण्याने पडले आणि किती घरच्या परिस्थितीने, हे त्या अक्षरांवरून कळत नाही.

तथापि मुले येऊन बसली एवढ्याने काम संपत नाही. ती आल्यावर त्यांना काय मिळते, हा दुसरा आणि अधिक कठीण प्रश्न आहे. आणि येथे अंगणवाडीची बाजू घेणाऱ्यांनी सत्याला पाठ दाखविता कामा नये. कित्येक अंगणवाड्यांत मुले येतात, प्रार्थना म्हणतात, खाऊ खातात आणि घरी जातात. सेविका वाईट असते म्हणून हे होते, असे नाही. तिला वजने घ्यावयाची असतात, गृहभेटी द्यावयाच्या असतात, मोबाईलवरील नोंदी भरावयाच्या असतात, आणि सर्वेक्षण कोणतेही असो, त्यासाठी तिचेच नाव पुढे येते. सहा सेवांपैकी पाच सेवांचा जाब तिला विचारला जातो. सहावी म्हणजे शिक्षण, ते झाले की नाही हे सहसा कोणी विचारत नाही. ज्याचा हिशेब मागितला जात नाही ते काम मागे पडते, हा सर्व कचेऱ्यांचा अनुभव आहे.

खाजगी शिशुवर्गाचे दुखणे याच्या उलट आहे. तेथे शिक्षण होते असे दिसते, पण ते पहिलीचे शिक्षण दोन वर्षे आधी उरकण्याचा प्रयत्न असतो. चार वर्षांच्या मुलाच्या बोटांचे स्नायू पुरते बळावलेले नसतात. त्याला रेघांच्या वहीत पानेच्या पाने अक्षरे गिरवायला लावली की हात दुखतो आणि मन विटते. एक ते शंभर अंक तो धडाधड म्हणतो, पण ‘सात चिंचोके आणून दे’ म्हटले की मूठभर आणून ठेवतो. कारण एका वस्तूला एकच अंक, आणि शेवटचा अंक म्हणजे एकूण संख्या, ही जाण पाठांतराने येत नाही. ती चिंचोके हाताळून येते. इंग्रजी बालगीत तो म्हणून दाखवितो, परंतु त्याच गीतातील गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांग म्हटले की गप्प होतो. पालकांना यात दोष देण्याचे कारण नाही. भरलेली वही त्यांना डोळ्यांनी दिसते. बळावलेली बोटे आणि फुललेली भाषा कशी पाहावी, हे त्यांना कोणी दाखविलेले नसते.

ही दोन्ही दुखणी एकाच वेळी दाखविणारा एक मोठा अभ्यास आपल्या देशात झाला आहे. दिल्लीच्या आंबेडकर विद्यापीठातील बालशिक्षण केंद्र व ‘असर’ संस्था यांनी राजस्थान, आसाम आणि तेलंगण-आंध्र या भागांत हजारो मुलांचा चौथ्या वर्षापासून आठव्या वर्षापर्यंत मागोवा घेतला. २०११ मध्ये सुरू झालेल्या या अभ्यासात दिसून आले की, मूल अंगणवाडीतून शिशुवर्गात, तेथून पहिलीत आणि कधी पुन्हा मागे, असे अनियमितपणे फिरत असते. पाचव्या वर्षी बहुसंख्य मुलांची शालेय तयारी अपुरी असते. आणि वयाला साजेसा कार्यक्रम अंगणवाड्यांत व खाजगी वर्गांत, दोहोंतही क्वचितच आढळतो. ज्या मुलांची पाचव्या वर्षीची तयारी चांगली होती ती पुढील इयत्तांतही बरी राहिली. थोडक्यात, दारावरची पाटी सरकारी की खाजगी यापेक्षा आत काय चालते ते महत्त्वाचे ठरले.

आत चांगले चालले तर काय होऊ शकते, याचे सर्वांत दीर्घ उदाहरण परदेशातील एका लहान गावाचे आहे. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात इप्सिलँटी नावाचे गाव आहे. तेथील पेरी या सार्वजनिक प्राथमिक शाळेत १९६२ ते १९६७ या काळात गरीब कृष्णवर्णीय कुटुंबांतील १२३ मुलांचे दोन गट करण्यात आले. ५८ मुलांना तिसऱ्याचौथ्या वर्षी बालवर्ग मिळाला, उरलेल्या ६५ मुलांना मिळाला नाही. रोज सुमारे अडीच तास वर्ग, एका शिक्षिकेमागे पाचसहा मुले, आणि दर आठवड्याला घरी भेट, अशी ती व्यवस्था होती. मुले स्वतः काय करावयाचे ते ठरवीत, ते करीत, आणि मग केलेले सांगत. आरंभी बुद्धिमापनात बालवर्गाची मुले पुढे दिसली, परंतु प्राथमिक शाळेच्या पहिल्या काही वर्षांतच ते अंतर ओसरले. त्या वेळी निकाल लावला असता तर सारा खटाटोप फुकट गेला असेच म्हणावे लागले असते. पण संशोधकांनी त्या मुलांचा माग चाळिसाव्या वर्षापर्यंत सोडला नाही. शालान्त शिक्षण पूर्ण करणारे त्यांच्यात अधिक निघाले, त्यांची कमाई अधिक होती आणि तुरुंगाची वाट त्यांच्यापैकी कमी जणांनी धरली. बालवर्गाने दिलेले खरे धन परीक्षेतील गुणांत मावणारे नव्हते. काम हाती घेऊन तडीस नेणे, दुसऱ्याबरोबर जुळवून घेणे, मनाला आवर घालणे या सवयींत ते साठलेले होते.

एका शिक्षिकेमागे पाचसहा मुले ही चैन महाराष्ट्रातील अंगणवाडीला परवडणारी नाही, असा आक्षेप येथे रास्तपणे घेता येईल. त्याचे उत्तर तामिळनाडूत मिळते. तेथील काही अंगणवाड्यांत केवळ शिक्षणासाठी म्हणून अर्धवेळ काम करणारी एक जादा कार्यकर्ती नेमण्यात आली, आणि तशी नेमणूक नसलेल्या अंगणवाड्यांशी त्यांची तुलना करण्यात आली. प्रयोगासाठी निवडलेल्या अंगणवाड्या एकूण ३२० होत्या. दीड वर्षानंतर दिसले ते असे: शिक्षणाला मिळणारा वेळ दुप्पट झाला, मुलांची भाषा व गणित यांतील प्रगती स्पष्टपणे अधिक झाली, आणि जुन्या सेविकेचे हात मोकळे झाल्यामुळे आहार व आरोग्याकडेही अधिक लक्ष पुरविले गेले. खुरटलेल्या व तीव्र कुपोषित मुलांचे प्रमाणही तेथे घटले. इमारत तीच, गाव तेच, मुले तीच. वाढले ते केवळ दोन हात आणि काही तास. अंगणवाडीतून काही निष्पन्न होत नाही असे म्हणणाऱ्यांना, आणि सेविकेला बोल लावून मोकळे होणाऱ्यांना, याहून सरळ उत्तर सापडणे कठीण.

तेव्हा बालवाडीचे मोजमाप कसे करावे? पाच साध्या गोष्टी पाहिल्या तर कोणत्याही तपासनिसाला, शिक्षकाला अथवा पालकाला ते करता येईल.

पहिली गोष्ट, उपस्थिती. पटावरची संख्या सर्वांना ठाऊक असते. वस्तीतील कोणते मूल येत नाही व का येत नाही, हे सेविकेला नावानिशी सांगता येते काय, ते पाहावे. दुसरी, वेळ. आहार व नोंदी वगळून मुलांशी खेळण्यात, बोलण्यात व गोष्टी सांगण्यात रोज किती वेळ गेला, ते घड्याळ लावून पाहावे. तो दोन तासांच्या खाली जाऊ नये. तिसरी, भाषा. वर्गात कोण अधिक बोलते, सेविका की मुले? मूल घरची अहिराणी, वऱ्हाडी, मालवणी किंवा वारली बोलले तर त्याला हसून गप्प केले जाते, की त्याच्या शब्दाला धरून प्रमाण मराठीचा शब्द शेजारी ठेवला जातो? चौथी, हात. मणी ओवणे, माती मळणे, कागद दुमडणे, पाणी न सांडता एका भांड्यातून दुसऱ्यात ओतणे ही कामे मुले स्वतः करतात काय? लेखणीची खरी पूर्वतयारी हीच होय. पाचवी, संगत. वाटून घेणे, पाळी येईपर्यंत थांबणे, पडलेल्याला उठविणे, हे वर्गात घडते काय? या पाच प्रश्नांत ‘क’ लिहिता येतो की नाही हा प्रश्न नाही. पहिल्या पाचांची उत्तरे होकारार्थी असतील, तर ‘क’ पहिलीच्या वर्गात थोड्या महिन्यांत येतो आणि आनंदाने येतो.

ही मोजपट्टी हाती आली म्हणजे प्रत्येकाचे कर्तव्य आपोआप स्पष्ट होते. पहिलीच्या शिक्षकांनी वर्षातून दोनचार वेळा तरी जवळच्या अंगणवाडीत एक सकाळ बसावे. आपल्याकडे येणारी मुले आधी काय करीत होती हे ज्याने पाहिले आहे, तो त्यांना पहिल्या दिवशी फळ्यासमोर उभे करणार नाही. चिंचोके मोजावयास देईल. शाळा उघडल्यावरचे पहिले काही आठवडे अंगणवाडीतील गाणी व खेळ पहिलीच्या वर्गातही चालू ठेवले, तर नव्या जागेचे भय कमी होते. सेविकेने महिन्यातून एकदा पालकांना वर्ग चालू असताना बोलवावे. भरलेल्या वहीला तोड द्यावयाची तर मुलाने रचलेली गोष्ट, केलेली मातीची गाय, मोजून आणलेली सात पाने पालकांनी प्रत्यक्ष पाहिली पाहिजेत. ग्रामपंचायतीने व शाळा व्यवस्थापन समितीने अंगणवाडीकडे रंगरंगोटीपलीकडे पाहावे. स्वच्छ पाणी, चालू स्थितीतील शौचालय, सावलीचे अंगण आणि खेळावयास मोकळी जागा यांचा हिशेब त्यांनी मागावा. आणि ज्या अधिकाऱ्यांकडे सेविकेच्या कामाची वाटणी आहे त्यांनी हे ध्यानी घ्यावे की, तिच्यावर टाकलेले प्रत्येक नवे सर्वेक्षण कोणत्या तरी चार वर्षांच्या मुलाच्या गोष्टीच्या वेळातून वजा होत असते.

राहता राहिली गोष्ट पालकांची. ज्या घरांना खाजगी वर्गाची फी परवडते त्या घरांतील माणसे सहसा बोलकी असतात. ती अंगणवाडी सोडून जातात तेव्हा मुलांबरोबर तिच्या वतीने तक्रार करणारा आवाजही जातो. मागे राहणारी आई मजुरी बुडवून सभेला येऊ शकत नाही, आणि आली तरी मागे उभी राहते. म्हणून शिक्षकांनी, ग्रामसेवकांनी व अन्य नोकरदारांनी आपले मूल आळीतील अंगणवाडीत घातले, तर त्या एका कृतीने अंगणवाडीला जे लाभेल ते कोणत्याही परिपत्रकाने लाभणार नाही. सर्वांची मुले जेथे शेजारी बसतात तेथली गळकी कौले लवकर दुरुस्त होतात.

मूल अंगणवाडीपर्यंत येऊ शकत नव्हते म्हणून बोर्डीच्या अंगणात वर्ग भरला. आता अंगणवाडी बहुतेक वस्त्यांत पोहोचली आहे. अंतर उरले आहे ते अंगणवाडीच्या उंबरठ्यापासून पहिलीच्या वर्गाच्या उंबरठ्यापर्यंतचे. ते काही पावलांचेच असते. येत्या जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी पहिलीच्या प्रत्येक शिक्षकाने ती पावले एकदा उलट दिशेने चालून जावे, एवढीच अपेक्षा.